किंमत उतरते, सामान उतरत नाही

आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं. चिंचवडहून दापोलीला गावी निघायचं म्हटलं की छोट्या गाडीत एक माणूस कायम जास्त व्हायचा. नव्या सात आसनी गाडीची किंमत अठरा लाखांच्या घरात होती, म्हणून आम्ही 2016 ची, 2.2 लिटर डिझेल इंजिनाची एक एसयूव्ही सात लाखांना घेतली. गाडी चांगली होती. एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसिंगच्या नोंदी सलग, कुठे ठोकल्याची खूण नाही. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी लिफ्टवर चढवून ती खालून-वरून पाहिली होती. तरीही पहिल्या वर्षात तिच्यावर दीड लाखाच्या घरात खर्च झाला. गाडी खोटी निघाली म्हणून हे लिहीत नाही. चांगल्या गाडीलाही एवढं लागतं आणि घेणाऱ्याला ते आधी कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

मिस्त्रींचं एक वाक्य प्रत्येक घेणाऱ्याने ऐकावं असं आहे. "साहेब, गाडी स्वस्त झाली, सामान कुठे स्वस्त झालंय?" अठरा लाखांची गाडी काही वर्षांनी सात लाखांना मिळते. पण तिचा क्लच, तिचे इंजेक्टर, तिचे टायर अठरा लाखांच्या गाडीचेच असतात. वय झाल्यावर जे भाग बदलावे लागतात, ते नेमके दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात.

क्लच, बुश, टायर, एसी

पहिला मोठा खर्च क्लचचा. या वर्गातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युएल मास फ्लायव्हील असतं. दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात, म्हणून गाडी मऊ चालते. स्प्रिंगा थकल्या की न्यूट्रलला उभ्या गाडीतून खडखड येऊ लागते, इंजिन बंद करताना एक धक्का बसतो आणि पहिल्या गिअरला गाडी थरथरत उचलते. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इथे हात पोहोचत नाही. मजुरी एकदाच द्यायची तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हील एकत्रच बदलावं. आमचं बिल पंचावन्न हजारांचं झालं. फ्लायव्हील तसंच ठेवून फक्त प्लेट टाकली असती, तर काही महिन्यांत तीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती.

दुसरा खर्च गाडीच्या खालचा. जवळपास दोन टनांची गाडी, त्यात सात माणसं आणि आपले रस्ते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअप झिजणारच. गतिरोधकावर 'टक' असा आवाज आला किंवा हळू वेगात खड्ड्यांवर समोरून खडखड ऐकू आली की समजावं. हे काम लोक सर्वांत जास्त पुढे ढकलतात, कारण गाडी चालत राहते. पण झिजलेला बॉल जॉइंट म्हणजे घाटात चाकाची दिशाच हातातून जाण्याची शक्यता. या कामाला बत्तीस हजार लागले. त्यानंतर लगेच अलाइनमेंट करून घेतली, नाहीतर नवे टायरही एका कडेने खाल्ले गेले असते.

टायरमध्ये नक्षी शिल्लक होती, पण ते जुने होते. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते, मग नक्षी कितीही खोल असो. गावच्या वाटेवरच्या ताम्हिणी घाटाचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून आम्ही चारही बदलले. चव्वेचाळीस हजार.

चौथा खर्च एसीचा. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गॅस कुठून तरी जातो आहे, हे उघड आहे. आमच्या गाडीत डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत होती. कॉइलपेक्षा डॅशबोर्ड उतरवण्याचं काम मोठं. गॅससह चौदा हजार. सात आसनी गाडीत मागच्या रांगांसाठीही एसीची वेगळी वाट असते. गाडी पाहताना मागे बसून तिथे गार हवा येते का, हे तपासा. विकणारा पुढच्याच सीटवर बसवतो.

यांचीही माहिती हवी

काही दुखणी आमच्या वाट्याला आली नाहीत, पण ती याहून महाग असतात.

टर्बोचार्जर इंजिन ऑइलवर जगतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, तर सर्वांत आधी त्याचं बेअरिंग जातं. वेग घेताना निळसर धूर, शिट्टीसारखा वाढता आवाज आणि चढावर दम नसणं ही त्याची लक्षणं. लांबून दामटत आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ तसंच चालू ठेवावं.

कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर प्रचंड दाबावर काम करतात. डिझेलमधलं पाणी आणि कचरा त्यांना सोसत नाही. सकाळी उशिरा सुरू होणं, काळा धूर, मायलेज घटणं दिसलं तर डिझेल पंपाच्या कारागिराकडून इंजेक्टरची तपासणी करून घ्यावी. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आधी विचारा. बेल्ट असेल तर तो कधी बदलला, त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. त्या मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी तो स्वतः जाळतो, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही काळ एका वेगात चालावी लागते. रोज शाळा, भाजी आणि चार किलोमीटरवरचं ऑफिस एवढाच वापर असेल तर फिल्टर तुंबतो. काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर तो आनंद नव्हे, धोका आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या कुटुंबाने जुनी पेट्रोल गाडी बघावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

गाडी पाहताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुम्हाला दिसणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जा.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. जोरात वाफ आणि धूर फेकत असेल तर मिस्त्री म्हणतात तसं इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय'. म्हणजे रिंगा आणि लायनर झिजलेत. कूलंटची टाकी मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. आत गंजट पाणी असेल तर गाडी कूलंटऐवजी नळाच्या पाण्यावर चालवली आहे. वर तेलकट तवंग असेल तर तिथूनच परत फिरा.

एकट्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटर मागे फिरवता येतो. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची झीज, ड्रायव्हरच्या सीटची दाबली गेलेली कड यांच्याशी तो आकडा जुळतो का ते पाहा. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या नोंदी मालकाला मागा. तो टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. गाडीला स्कॅनर लावून बिघाडाच्या नोंदीही वाचून घ्याच.

पुराची गाडी ओळखायला शिका. 2019 साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाणी भरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पूर कुठेही आला तरी बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊन-पुसून लांबच्या गावात विकायला येतात. माझ्या मावसभावाने अशी एक गाडी घेतली. तिच्या काचा, सेन्सर आणि दिवे पाळीपाळीने बंद पडत राहिले, आणि वायरिंगमधला गंज शेवटपर्यंत आटोक्यात आला नाही. म्हणून प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर ती सहसा धुतली जात नाही. सीटखालचे बोल्ट, स्टेपनीची जागा, गालिच्याखालचा पत्रा आणि कुबट वास हेही तपासा. किनाऱ्यावर वापरलेली गाडी असेल तर चासीवरचा गंज बोटाने नाही, पेचकसाने टोचून पाहा. वरचा काळा रंग बरंच काही झाकतो.

कागद

गाडी नावावर होण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलनं आधीच पाहून घ्यावीत. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा नावावर नसेल तर अडते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबर जातो, तो धरून हप्त्याचा हिशेब करू नये.

दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे कमी भावात दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीच आटते. शिवाय नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपल्यावर गाडीचं पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच. गाडी घेताना त्या तारखेला किती वर्षं उरली आहेत, ते मोजा.

वर्षाचा हिशेब

घरातला हिशेब उघड मांडतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर आणि लिटरला बारा किलोमीटर धरले तर हजार लिटर डिझेल लागतं. नव्वद रुपये दराने नव्वद हजार. विमा बावीस हजार. 1500 सीसीच्या वरच्या खासगी गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचाच वार्षिक दर 2022 पासून 7,897 रुपये आहे, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416. सर्व्हिसिंग बारा हजार, कारण छोट्या गाडीत साडेतीन लिटर ऑइल पुरतं तिथे इथे सहा लिटर लागतं. टायरची झीज किलोमीटरला रुपया धरली तर बारा हजार. आणि दुरुस्तीसाठी वर्षाला चाळीस हजार. ते आज खर्च झाले नाहीत तरी उद्या होतात. बेरीज एक लाख शहात्तर हजार. महिन्याला साडेचौदा हजारांहून अधिक आणि किलोमीटरलाही जवळजवळ पंधरा रुपये. यात गाडीच्या कर्जाचा हप्ता, टोल आणि पार्किंग नाही.

हा आकडा सोसणारा असेल तर अशी गाडी कुटुंबाला फार उपयोगाची आहे. आई-वडिलांचे गुडघे चढउताराला त्रासत नाहीत, सगळे एकत्र निघतात, सामान पायाशी येत नाही. गाडी घेऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. पण सगळी शिल्लक खरेदीतच संपवून घेतलेली गाडी घरातल्या माणसांना धोक्यात घालते. हातात पैसे नसले की बुश पुढच्या महिन्यावर जातात, टायर पुढच्या दिवाळीवर, आणि ब्रेकचा आवाज 'चालतंय अजून' म्हणत ऐकला जातो. त्याच गाडीत मागच्या सीटवर आपली मुलं झोपलेली असतात.

म्हणून गाडीच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा आधी बाजूला काढा. हातात सात लाख असतील तर शोध पावणेसहा लाखांच्या गाडीचा करा. उरलेले सव्वा लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना दुरुस्तीशिवाय हात लावू नका. घेतल्या घेतल्या पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बिल त्याच वहीत जाऊ द्या. कोणतं काम कधी येणार हे त्या वहीवरून आधीच कळतं, आणि आधी कळलेला खर्च घराला जड जात नाही.