मोगऱ्याचे पाणी, शेवंतीची रात्र

मुक्काम अकोला, पौष मास

चि. ताई,

तुझे पत्र पावले. इंझोरीच्या घराचा कारभार तू हाती घेतल्यापासून परसातल्या झाडांची इतक्या आस्थेने चौकशी करतेस, याचा मला मनापासून संतोष वाटला. मोगऱ्याला रोज सकाळी बादलीभर पाणी घालूनही त्याची पाने पिवळी पडून गळत आहेत, आणि शेवंतीची फुले सरून नुसत्या काड्या उरल्यामुळे ती उपटून तेथे दुसरे काही लावावे असा तुझा विचार आहे, असे तू लिहितेस. या दोन्ही गोष्टी आजच थांबव, ही माझी पहिली ताकीद समज. मोगऱ्याचे पाणी तोड. आणि शेवंतीला हात लावायचाच तर कात्रीने लाव, कुदळीने नव्हे.

एकाच काळ्या मातीत, एकाच कुंपणाच्या आत ही दोन झाडे शेजारी उभी असल्यामुळे त्यांची निगाही एकसारखी असावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मोगरा ग्रीष्माचा आणि शेवंती हेमंताची. वैशाखात आपल्या वऱ्हाडातले ऊन माणसाला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही, तेव्हा मोगरा ऐन भरात असतो आणि शेवंती कशीबशी जीव धरून राहते. दिवाळीपासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत शेवंती देवघर भरून टाकते, तेव्हा मोगऱ्याला निजण्याची इच्छा होत असते. तू त्याला निजू देत नाहीस, एवढेच त्याचे दुखणे आहे.

मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही, नव्या धुमाऱ्याच्या टोकाशी येते. म्हणून सारे धुमारे एकाच वेळी, जोमाने फुटावेत अशी तजवीज करावी लागते, आणि ती तजवीज म्हणजे हिवाळ्यातली तहान. पाणी तोडले की झाड वाढ आवरते, पाने गाळते, आणि पुढच्या हंगामाची शक्ती फांद्यांत साठवते. माळरानाच्या हलक्या जमिनीत दोनतीन आठवड्यांचा ताण पुरतो. आपली जमीन भारी, ओल धरून ठेवणारी, तिला महिना-दीड महिना लागतो. तेव्हा माघ अर्धा सरेपर्यंत त्याच्या आळ्यात थेंबही घालू नकोस. मग जमिनीपासून सुमारे दीड फुटावर सर्व फांद्या छाटून टाक, वाळलेल्या व आत आत शिरलेल्या काड्या मुळाशी काप, भोवतालची माती हलक्या हाताने खणून चारसहा दिवस उन्हात तापू दे, आणि त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत घालून पहिले पाणी भरपूर दे. फाल्गुनात धुमारे दिसतील. त्या वेळी युरियाचा मोह धरू नकोस. नत्र अधिक झाले तर झाड पानांनी माजते आणि फुलांच्या बाबतीत हात आखडता घेते.

पिवळेपणाविषयी एक गोष्ट डोळ्यांनी पारखून घे. खालची जुनी पाने सबंध पिवळी होऊन गळत असतील, तर ते ऋतूचे आणि अतिरिक्त पाण्याचे काम आहे. परंतु फाल्गुन-चैत्रातली कोवळी, शेंड्याकडची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसले, तर झाडाला लोह मिळत नाही असे समज. जमिनीत चुनखडी जास्त असली म्हणजे लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. मानोऱ्याच्या कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून पानांवर फवार. इतके करून गुण आला नाही, तर रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे मातीचा नमुना घेऊन जा.

आता शेवंती. पडवीजवळच्या रांगेतली शेवंती विहिरीकडच्या रांगेपेक्षा फार उशिरा आणि तुरळक फुलली, हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहेस. मला मात्र सबंध पत्रात तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. पडवीत विजेचा दिवा रात्रभर जळतो. शेवंतीला फुलण्याचा हुकूम देते ती रात्र. अखंड, लांब अंधार मिळाल्यावाचून ती कळी धरीत नाही, नुसती पाने वाढवीत राहते. दिवसरात्रीच्या लांबीवर वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन यांवर प्रयोग करून 1920 साली प्रसिद्ध केले. आपल्या शिवारात आज जिकडेतिकडे दिसणारे सोयाबीनही याच स्वभावाचे आहे. इंझोरीस ज्येष्ठाच्या सुमारास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा होतो आणि मार्गशीर्षात रात्र तेवढी लांबते. भाद्रपदापर्यंत ही रात्र पुरेशी लांबली की शेवंती मनात तयारी सुरू करते, आणि मध्यरात्रीचा थोडासा उजेडही तिची समजूत बिघडवतो. फुलांचे व्यापारी मळेवाले तर हंगाम मुद्दाम लांबवण्यासाठी तिच्यावर रात्री दिवे लावतात. तेव्हा एक तर भाद्रपद ते कार्तिक पडवीचा दिवा निजानीज होताच मालवीत जा, नाहीतर ती रांग विहिरीकडे हलव. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. अंधारात घराच्या माणसांना ठेच लागू नये.

ज्या काड्या तू उपटायला निघाली होतीस, त्या जमिनीपासून चार बोटांवर छाट आणि त्यांना बेताचे पाणी देत राहा. म्हणजे मोगऱ्याचे पाणी तोडलेले असताना शेजारच्या शेवंतीला मात्र ते मिळाले पाहिजे. दोन्हींच्या मध्ये मातीचा एक वरंबा घालून घे. थोड्याच दिवसांत बुडाशी काश्या, म्हणजे नवे फुटवे, येतील. पुढच्या वर्षीची सगळी शेवंती त्या काश्यांत आहे. उन्हाळाभर त्यांना निंबाखालच्या विरळ सावलीत जपावे लागते, कारण वैशाखाची झळ त्यांना सोसत नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला की उंच गादीवाफ्यावर हातभर अंतराने लाव. सपाट काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले तर तिची उथळ मुळे कुजतात आणि झाड उभ्याउभ्या मरते. लावल्यानंतर महिन्याभराने शेंडे खूड, म्हणजे एका काडीच्या चार होतील. श्रावण सरल्यावर मात्र शेंड्याला नख लावू नकोस, नाहीतर येऊ घातलेली कळीच तोडून बसशील. ढगाळ हवेत मावा पडतो, त्यासाठी पानांची खालची बाजू पाहण्याची सवय ठेव.

ही गावठी फुले, यांचा एवढा बंदोबस्त कशाला, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नकोस. सोळा पाकळ्यांची शेवंती जपानच्या सम्राटाचे राजचिन्ह आहे, आणि फिलिपाइन्सने 1934 साली मोगऱ्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. आपल्या परसातली पांढरी रेवडी शेवंती आणि बट मोगरा तुझ्या आजीने लावले, हे माझ्या दृष्टीने त्याहून मोठे.

चैत्रात मोगऱ्याने कळ्या धरल्या की त्या सूर्योदयापूर्वी, मिटलेल्या असतानाच खूड. संध्याकाळी ओल्या फडक्यात उमलतात. रेवडीच्या दहाबारा काश्या मुळांसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून, कारंज्याकडून अकोल्यास येणारे कोणी भेटले तर त्याच्या हवाली कर. तुझी काकू कुंड्या भरून वाट पाहत आहे. घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार सांग.

तुझा काका