सार्वजनिक वाय-फाय व शोधाची गुप्तता
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ)

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी प्रवाशांसाठी मोफत वाय-फायची सोय सुरू केली. पुढे ती शेकडो स्थानकांवर पोचली. गूगलने २०२० मध्ये योजनेतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. रेलटेलने सेवा चालू ठेविली. गाडीची वाट पाहणारा शिक्षक अशा जाळ्यावर घरच्या माणसाच्या दुखण्याविषयी शोध घेतो, किंवा विद्यार्थ्यांची माहिती भरण्यासाठी परवलीचा शब्द लिहितो. हे शब्द वाटेत कोणास वाचता येतात, हे प्रथम त्यास ठाऊक हवे.

वाय-फायचे संदेश रेडिओलहरींनी जातात. लहरी ठराविक यंत्राकडेच जातात असे नाही. आसपासच्या सर्व यंत्रांस त्या मिळतात. परवलीच्या शब्दावाचून खुल्या असलेल्या जाळ्यात त्यांस बहुधा कुलूप नसते. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने ‘फायरशीप’ हे साधन प्रसिद्ध केले. खुल्या जाळ्यावर शेजारी बसलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरता येते, हे त्याने सिद्ध झाले. कारण पुष्कळ संकेतस्थळे त्या काळी प्रवेशापुरतेच कुलूप लावीत व पुढील व्यवहार उघडा ठेवीत. आता बहुतेक स्थळांचा सर्व व्यवहार सांकेतिक रूपात चालतो. पत्त्याच्या आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ ही त्याची खूण. (स्थळाचा मालक प्रामाणिक आहे, असा मात्र तिचा अर्थ नव्हे. भामटाही कुलूप लावू शकतो.)

वर्गात हे चिठ्ठीने दाखवावे. शेवटच्या बाकावरील एका मुलास ‘डॉक्टर’ करावे. पहिल्या बाकावरील मुलीने ‘ताप’ असे लिहून उघडी चिठ्ठी हातोहात पाठवावी. मधली सर्व मुले ती वाचतील. नंतर प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतील पुढचे व्यंजन घ्यावे, हा नियम त्या दोघांसच सांगावा. ‘ताप’चे ‘थाफ’ होईल. चिठ्ठीची घडी करून वर ‘डॉक्टर’ असे लिहावे. हुशार मुले हा संकेत लवकरच फोडतील, व फोडू द्यावा. संगणकाच्या किल्ल्या इतक्या मोठ्या असतात की सर्व शक्यता तपासण्यास काळ पुरत नाही, हे मग त्यांस पटते.

येथे मुले एका ठिकाणी हमखास अडखळतात. मजकूर कळला नाही तरी चिठ्ठी डॉक्टराकडे गेली, हे मधल्या सर्वांस दिसले. त्याचप्रमाणे जाळे चालविणाऱ्यास स्थळाचे नाव बहुधा कळते. शिवाय डॉक्टराने चिठ्ठी वाचलीच. शोधयंत्राची कंपनीही शोधाचे शब्द वाचते. ‘इनकॉग्निटो’ने यांत काही फरक पडत नाही. त्याने फोनमधील नोंद तेवढी राहत नाही. वाटेवरच्यांचे डोळे झाकले जात नाहीत.

जोडणी खाजगी नसल्याचा इशारा ब्राउझरने दिल्यास तेथूनच मागे फिरावे, हे मुलांस स्पष्ट सांगावे. तासाच्या अखेरीस त्यांनी वहीत तीन उत्तरे लिहावीत: चिठ्ठी नेणाऱ्यास काय कळले, काय कळले नाही, आणि डॉक्टरास काय कळले?