वेबसाइट दिसते, पण ऑर्डर येत नाही

वेबसाइट एका होस्टिंगवाल्याकडून दुसऱ्याकडे नेल्यावर आमचा एक अनुभव व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल. वेबसाइट व्यवस्थित उघडत होती, पण ई-मेलने येणाऱ्या ऑर्डरी दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. होस्टिंगवाला म्हणे, 'सर्व्हर चालू आहे.' इंटरनेटवाला म्हणे, 'लाइन ठीक आहे.' दोघेही खरे बोलत होते. एक जुने गिऱ्हाईक मात्र कंटाळून दुसरीकडे गेले.

संगणक एकमेकांना नावाने नव्हे, आकडी पत्त्याने शोधतात. नावावरून हा पत्ता सांगणारी वही म्हणजे डीएनएस. तिची आखणी १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी केली. ही वही तपासण्याचे साधन विंडोजमध्ये फुकटच असते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून एंटर दाबावे, काळी खिडकी उघडते. तिथे 'एनएसलुकअप' आणि जागा सोडून आपले डोमेन नाव लिहावे, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

उत्तरातील पहिल्या दोन ओळी आपण ज्या सर्व्हरला विचारले त्याच्या असतात. आपला पत्ता त्याखाली येतो. आम्हीही प्रथम इथेच फसलो. 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' हे शब्द पाहून घाबरू नये. सर्व्हरने मूळ वहीतून आधी उतरवून ठेवलेले उत्तर दिले, एवढाच त्याचा अर्थ.

आता तोच प्रश्न दुसऱ्याला विचारावा. नावापुढे जागा सोडून ८.८.८.८ लिहिले की गूगलचा सर्व्हर उत्तर देतो. तिथे बरोबर आणि आपल्याकडे चूक, तर तक्रार इंटरनेटवाल्याकडे. दोन्हीकडे 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आले, तर आधी स्पेलिंग पाहावे, मग डोमेनची मुदत. 'टाइम्ड आउट' म्हणजे विचारलेला सर्व्हर बोललाच नाही. त्यावरून नावाला दोष देऊ नये.

आमचा घोळ वेगळाच निघाला. टपालाची नोंद त्या वहीत स्वतंत्र असते. 'एनएसलुकअप'नंतर जागा सोडून 'उणे-चिन्ह टाइप बरोबर-चिन्ह एमएक्स' हे सलग चिन्हांत, मग पुन्हा जागा सोडून नाव लिहिले, तर 'मेल एक्सचेंजर' ही ओळच येईना. वेबसाइट हलवताना ती नोंद नव्या वहीत कोणी उतरवलीच नव्हती! काळ्या खिडकीचा फोटो पाठवताच होस्टिंगवाल्याने ती भरली. तरी काही ठिकाणी जुनेच उत्तर साठलेले असल्याने सर्वांचे टपाल सुरू व्हायला आणखी काही तास गेले.