मतदार यादीतील नाव

बिऱ्हाड हलवावयाचे ठरले की घरातील लहानमोठ्या सर्व वस्तू बांधल्या जातात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव्हाऱ्यातील देव, सारे नव्या घरी येते. मुलांचे शाळेचे दाखलेही आठवणीने काढले जातात. परंतु एक गोष्ट पुष्कळदा जुन्या गावीच राहून जाते. ती म्हणजे वडीलधाऱ्यांचे मतदार यादीतील नाव. ते आपोआप माणसामागून येत नाही.

साताऱ्याहून पुण्यास राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. ते पुण्याचे पाणी पिते, त्याची मुले पुण्याच्या रस्त्यांवरून शाळेस जातात. परंतु तेथील कारभार पाहणारे प्रतिनिधी निवडताना त्या कुटुंबास मत देता येत नाही. कारण ज्या मतदारसंघाच्या यादीत नाव असेल, तेथेच मतदान करता येते.

हक्क असूनही योग्य नोंद नसेल, तर तो वाया जातो. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुकुमार सेन हे त्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त होते. याद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढेच सांगितले. अशा नोंदी ग्राह्य धरल्या गेल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली.

मनुष्य सामान्यतः जेथे राहतो, तेथे त्याचे नाव असावे, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम सांगतो. स्वतःचे घर असण्याची अट नाही. भाडेकरूसही तोच हक्क आहे. उलट, गावी केवळ वाडा आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. ऊसतोडणीसाठी काही महिने परगावी गेलेल्या मजुराचे नाव मात्र त्याच्या गावीच राहते, कारण तात्पुरत्या गैरहजेरीने वास्तव्य संपत नाही.

कायमचे घर बदलल्यास ‘नमुना ८’ हा अर्ज भरावा व त्यास वीजबिलासारखा नव्या पत्त्याचा पुरावा जोडावा. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून पाठवता येतो. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास मनाई आहे. म्हणून नवी नोंद झाली की जुनी काढून टाकतात. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत बदल होत नाही. तेव्हा आधीच जागे व्हावे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या नव्या मतदारासाठी ‘नमुना ६’ असतो.

ज्याला घरच नाही, अशा माणसाचीही नोंद होते. तो सांगतो त्या जागी खरोखरच झोपतो की नाही, हे अधिकारी रात्री जाऊन पाहतो. पदपथावर झोपणाऱ्यासही यादीत स्थान आहे. मग पक्क्या घरात राहणाऱ्याने एका अर्जाचा आळस करावा, हे नागरिकास शोभत नाही.