कोपराचा अस्थिबंध : फेकणाऱ्या हाताची दुखापत, शस्त्रक्रिया आणि आपली काळजी



७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतर आमच्या कुंभार पिंपळगावच्या मुलांनीही बांबूचे भाले तयार केले. सातवीतला एक मुलगा तर दिवस मावळेपर्यंत फेकत राहायचा. एक दिवस तो म्हणाला, "सर, कोपर आतून दुखतंय." मी म्हणालो, "सराव केला की दुखतंच, सवय होईल."

माझं चुकलं होतं. पंधरा दिवसांनी त्याची आई शाळेत आली. पोराला हात सरळच करता येत नव्हता. तेव्हा मी हा विषय नीट समजून घेतला, तो तुमच्यासमोर मांडतो.

अस्थिबंध म्हणजे काय?

हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा म्हणजे अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे शरीराकडच्या बाजूला, दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड यांना जोडणारा अस्थिबंध असतो. फेकताना खांदा पुढे वळतो, पण वाकलेला हात क्षणभर मागेच राहतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकायला बघते आणि तिला हा पट्टा धरून ठेवतो. गोफण असो, भाला असो की सीमारेषेवरून केलेला थ्रो, ताण तिथेच येतो. दोरी एका झटक्यात तुटते, तशीच रोज घासूनही झिजते. या पट्ट्याचंही तसंच आहे.

शस्त्रक्रिया कशी सुरू झाली?

अमेरिकेतील बेसबॉल खेळाडू टॉमी जॉन याचा हा अस्थिबंध १९७४ मध्ये तुटला. तोपर्यंत अशा दुखापतीनंतर गोलंदाजाची कारकीर्द संपल्यातच जमा असायची. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या मनगटाजवळची एक कंडरा काढून कोपरात बसवली. दोन्ही हाडांना बारीक छिद्रं पाडून ती त्यांतून ओवली. १९७६ मध्ये टॉमी जॉन मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला! ही शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

वर्गात करून बघा : अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी उठून दिसेल. हीच ती कंडरा. काही जणांना ती नसतेच, तरी त्यांच्या हाताचं काही अडत नाही. म्हणूनच ती काढून दुसरीकडे वापरता येते.

बरं व्हायला किती वेळ?

१. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे हात आधारात ठेवतात.
२. मग कोपर हळूहळू वाकवणं, सरळ करणं.
३. साधारण दीड महिन्यानंतर ताकदीचे हलके व्यायाम.
४. चार-पाच महिन्यांनी हलकं फेकणं, तेही मोजून.
५. पूर्ण जोमाने खेळायला बहुधा नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त.

एवढा वेळ का? बसवलेल्या कंडरेला अस्थिबंधाचं काम शिकायला महिने लागतात. दुखणं आधी थांबतं, बळकटी नंतर येते. घाई करणारे नेमके इथेच फसतात.

नीरजच्या उजव्या कोपरावरही मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. ती अस्थिबंध बदलण्याची नव्हती, तरी त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. आपल्या मुलांना त्याचं पदक माहीत आहे, ते थांबलेले आठ-नऊ महिनेही सांगायला हवेत.

मुलांच्या बाबतीत वेगळं काय?

वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ वाढीचा कूर्चेचा भाग असतो. तो अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. त्यामुळे मुलांमध्ये पट्ट्याआधी बहुतेक वेळा हाच भाग दुखावतो. चांगली गोष्ट अशी, की वेळेत थांबलं तर बहुतेकदा विश्रांतीनेच तो बरा होतो. आमच्या मुलाला हाडांच्या डॉक्टरांनी काही आठवडे फेकणं पूर्ण बंद करायला सांगितलं. ऑपरेशनची वेळ आली नाही.

आपण काय करायचं?

• फेकण्याआधी अंग गरम करून घ्यावं. जोर पाय आणि कमरेतून यावा, नुसत्या हातातून नव्हे.
• फेकींची संख्या ठरवावी. मूल थकलं की सराव बंद.
• आठवड्यात फेकण्याला सुट्टीचे दिवस हवेतच.
• कोपराच्या आत दुखणं, हात सरळ न होणं, करंगळीला मुंग्या येणं, यापैकी काहीही दिसलं तर फेकणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं.
• दुखऱ्या कोपराला चोळणं, ओढणं नको.

तो मुलगा आता पुन्हा फेकतो, पण मोजून. फेकी मोजायची वही माझ्याकडे असते. मूल "दुखतंय" म्हणालं की आता मी आधी विचारतो, "कुठे? कधीपासून?" तुम्हीही विचारा.