येरझाऱ्या सुरू झाल्या की

बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असलेल्या माणसाची अस्वस्थता एकाएकी भडकली असं घरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा आधी दोन-चार रात्री झोप उडालेली असते. मुलगी चेन्नईत ओएमआर रस्त्यावर नोकरीला असेल आणि एकटी राहत असेल, तर हे पाहायलाही कोणी नसतं. म्हणून फोनवर ‘जेवलीस का’ याच्या आधी ‘काल किती वाजता झोपलीस’ हे विचारा. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, अडवलं की भडका उडतो, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नैराश्यातली अस्वस्थता वेगळी दिसते. गॅलरीतून स्वयंपाकघर, पुन्हा गॅलरी. पदराचं टोक पिळत राहणं, नखाजवळची कातडी ओरबाडणं, ‘मला काहीतरी होतंय’ हे पुन्हा पुन्हा. मला याच प्रकाराची जास्त धास्ती वाटते. मन खचलेलं आणि अंग स्वस्थ बसू देत नाही, अशा वेळी आत्महत्येचा धोका वाढतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा घरातून हलवा आणि लगेच मदत घ्या.

आजार वाढला असं ठरवण्याआधी औषधं तपासा. मानसिक आजाराचं नवं औषध सुरू झालं किंवा डोस वाढला आणि पाय एका जागी ठेववेनासे झाले, तर तो औषधाचाच परिणाम असू शकतो. बायपोलरमध्ये नुसतं नैराश्यावरचं औषध दिल्यानेही उन्माद उफाळू शकतो. लिथियम घेणाऱ्यांनी चेन्नईच्या मे महिन्यात, तिकडे ज्याला कत्तिरी ऊन म्हणतात त्या दिवसांत, विशेष जपावं. घाम आणि जुलाबाने पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली, तर रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की रुग्णालय गाठा. ताप असेल, किंवा आज वार कोणता हेही कळत नसेल, तर अस्वस्थतेचं कारण शरीराच्या आजारात असू शकतं.

प्रत्यक्ष त्या घटकेला एकानेच बोलावं. टीव्ही बंद, मुलं शेजाऱ्यांकडे, फिल्टर कॉफी नको. समोर दार अडवून उभं राहू नका. थोडं बाजूला थांबा आणि दाराची वाट दोघांनाही मोकळी ठेवा. ‘बस खाली’ म्हणू नका, चालू द्या. न विचारता हात लावू नका. वाद जिंकायचा नाही. ‘दादा, खूप वैतागलायस, दिसतंय मला. पाणी देऊ की ताक?’ एवढंच पुरे. मग थांबा, उत्तराला वेळ द्या. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल तर तीच, तेवढीच.

मारहाण, हातात हत्यार किंवा जिवाचा धोका असेल तर 108 ला फोन करा. चेन्नईत किल्पॉकची सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, 1794 पासूनची, शहराला ठाऊक असलेली. तमिळ येत नसेल तर टेलि-मानस हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. रुग्णालयात इंजेक्शन दिलं तर घाबरू नका: अशा तातडीच्या वेळी कोणतं औषध किती लवकर शांत करतं याचे अभ्यास जवळच्याच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले आहेत.

खोलीत कोंडणं, बांधणं मात्र नाही. तमिळनाडूतल्याच एर्वाडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत; 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी केली आहे. त्याच कायद्यानुसार जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, 72 तासांपर्यंत. रुग्णाचा नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने.

तो प्रतिनिधी माणूस शांत असतानाच ठरवून घ्या. साध्या कागदावर त्याचं नाव आणि रुग्णाची सही किंवा अंगठा पुरतो. त्याच कागदामागे चालू औषधं, डॉक्टरांचा फोन आणि ‘मी बिघडायला लागलो की आधी काय दिसतं’ हे रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि एक प्रत चेन्नईत जवळ राहणाऱ्या मित्राकडे द्या.