हँडलचा व सौरशक्तीचा रेडिओ : प्रवासात व आपत्काळात उपयोगी पडणाऱ्या एका साधनाची ओळख



यात्रेला निघताना आपण औषधे, अंथरूण-पांघरूण, शिधा व ओळखपत्र यांची यादी करतो. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात असतोच. त्यामुळे बातमी व हवामान कळण्याची सोय झाली असे आपण गृहीत धरतो. तथापि मोठा पूर, भूकंप किंवा दरड कोसळण्याचा प्रसंग ओढवला की प्रथम वीज जाते आणि मागोमाग मोबाईलही मुका होतो. अशा वेळी बाहेरच्या जगाची वार्ता आणणारे एक साधे साधन उपलब्ध आहे. त्याचे हँडल हाताने फिरवून किंवा त्यावरील सौरपट्टी उन्हात धरून ते चालवता येते. त्याची रीतसर माहिती व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर केला आहे.

माहितीचा दुष्काळ आणि अफवा

आपत्तीत अन्न-पाण्याइतकीच खऱ्या माहितीची गरज असते, हे इतिहासाने वारंवार दाखवून दिले आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानच्या तोक्यो व योकोहामा परिसरात प्रलयंकारी भूकंप झाला. भूकंप व त्यानंतरच्या आगींत एक लाखाहून अधिक माणसे मृत्यू पावली. बहुतेक वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या होत्या आणि त्या देशात नभोवाणी अद्याप सुरू झालेली नव्हती. अशा पोकळीत, कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत अशी अफवा पसरली व जमावांनी असंख्य निरपराध कोरियनांची हत्या केली. या भीषण अनुभवाने विश्वसनीय माध्यमाची निकड सर्वांच्या ध्यानी आली आणि २२ मार्च १९२५ रोजी तोक्यो येथून नभोवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले. १ सप्टेंबर हा दिवस १९६० पासून जपानमध्ये आपत्ती प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. तेथील घराघरांत संकटकाळासाठी बांधून ठेवलेली जी पिशवी असते, तिच्यात पाणी व विजेरीबरोबर छोटा रेडिओही ठेवण्याचा प्रघात आहे.

आपल्याकडील अनुभव याहून निराळा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अनेक उपनगरांतील वीज खंडित झाली, दूरध्वनी बंद पडले. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, धरण फुटले, सुनामी आली अशी खोटी आवई एका दाट वस्तीत उठली. लोक अंधारात जीव मुठीत धरून पळत सुटले आणि त्या चेंगराचेंगरीत लहान मुलांसह अनेकांचे प्राण गेले. ज्या पुरातून ती माणसे वाचली होती, त्याच्या अफवेने त्यांचा बळी घेतला.

मोबाईल बंद, तरी रेडिओ कसा चालू?

मोबाईलचे प्रत्येक संभाषण जवळच्या मनोऱ्याकडून जाते. मनोऱ्याची वीज गेल्यास तो बॅटरीवर काही तासच चालतो. पुढे डिझेल पोहोचले नाही तर बंद पडतो. तो चालू असला तरी एकाच वेळी हजारो लोक फोन लावू लागले की मार्ग तुंबतो. रेडिओचे तसे नाही. एक प्रक्षेपक बोलतो आणि कितीही लोक ऐकतात. ऐकणारे वाढले म्हणून त्याच्यावर भार पडत नाही. शिवाय प्रक्षेपण केंद्र आपत्तीच्या ठिकाणापासून दूर असू शकते.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व सुनामीने अठरा हजारांहून अधिक लोक मृत अथवा बेपत्ता झाले. त्यानंतर बाधित भागांत सुमारे तीस तात्पुरती आपत्कालीन एफ.एम. केंद्रे उभी राहिली. पाणी कोठे मिळेल, कोणता रस्ता खुला आहे, निवाऱ्यात कोण सुखरूप आहे अशी गावपातळीवरची माहिती ती देत असत. अशा केंद्रांची पद्धत तेथे १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रूढ झाली होती.

चावीच्या रेडिओचा जन्म

रेडिओ असला तरी सेल संपले की तो निरुपयोगी ठरतो. ही अडचण सोडवण्याचे श्रेय मुख्यत्वे ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाकडे जाते. १९९१ मध्ये त्यांनी दूरचित्रवाणीवर आफ्रिकेतील एड्सविषयीचा कार्यक्रम पाहिला. रेडिओद्वारे आरोग्यशिक्षण देणे शक्य असूनही वीज नाही व सेल परवडत नाहीत, ही त्यातील व्यथा त्यांच्या मनाला लागली. घड्याळाप्रमाणे चावी दिली असता स्प्रिंग हळूहळू उलगडावी, तिने छोटे जनित्र फिरवावे व त्या विजेवर रेडिओ चालावा, अशी योजना त्यांनी केली. त्यांचा पहिला नमुना चौदा मिनिटे चालला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे त्याचे उत्पादन सुरू झाले व त्या कारखान्यात अपंग कामगारांना रोजगार मिळाला. बेलिस २०१८ मध्ये निवर्तले.

कालांतराने स्प्रिंगची जागा पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीने घेतली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रेडिओंत हँडल फिरवल्यावर वीज प्रथम बॅटरीत साठते व तेथून रेडिओस मिळते.

हँडल व सौरपट्टी : शक्तीचे गणित

यामागील तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. हँडलला जोडलेली दातेरी चाके ती गती वाढवून चुंबकास वेगाने फिरवतात.

या साधनाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू. लहान हँडल सहजपणे फिरवत राहिल्यास साधारण एक ते दोन वॅट वीज मिळते. मध्यम आवाजात छोट्या रेडिओस वॅटचा दहावा भाग पुरतो. वाटेत काही शक्ती वाया जाते हे धरूनही, एक मिनिट फिरवल्यास सुमारे आठ-दहा मिनिटे ऐकता येते. कानाला लावायचा इअरफोन वापरल्यास त्याहून अधिक.

मोबाईलचा हिशेब मात्र वेगळा आहे. आजच्या मोबाईलची बॅटरी पंधरा ते वीस वॅट-तासांची असते. ती हँडलने पूर्ण भरायची तर निदान दहा तास हात चालवावा लागेल. म्हणून ‘मोबाईलही चार्ज होतो’ या जाहिरातीवर विसंबू नये. बंद पडत आलेल्या मोबाईलवरून एखादा संदेश पाठवण्यापुरतीच ती सोय समजावी.

सौरपट्टीचेही असेच आहे. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक हजार वॅट सूर्यशक्ती पडते. रेडिओवरील पट्टी जेमतेम तळहाताएवढी. तिच्या वाट्याला पाचेक वॅट येतात व त्यांचाही पाचवा-सहावा हिस्साच विजेत रूपांतरित होतो. बॅटरी भरण्यास त्यामुळे लख्ख उन्हाचे एक-दोन दिवस लागतात आणि आभाळ भरून आले असता ही शक्ती फारच घटते. पूर व अतिवृष्टी तर आभाळ भरलेले असतानाच येतात. सौरपट्टी ही पूरक सोय मानावी; पावसात भिस्त हँडलवरच ठेवावी.

खरेदी करताना

१. आपल्या भागात ऐकू येणारे पट्टे त्यात असावेत. एफ.एम. लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात; डोंगर आड आला की क्षीण होतात. मध्यमलहरी जमिनीलगत दूरवर व रात्री त्याहूनही लांब पोहोचतात. आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करून एफ.एम.वर भर दिला आहे, म्हणून एफ.एम. अवश्य हवे, आणि दोन्ही असल्यास उत्तम.

२. अमेरिकेतील नातलग पुष्कळदा असा रेडिओ भेट म्हणून आणतात. त्यावर हवामानाचा एक खास पट्टा असतो. तो तेथील सरकारी हवामान केंद्रांच्या १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या लहरींसाठी आहे. आपल्याकडे त्यावर ती सेवा नाही. अशा रेडिओचे एफ.एम. मात्र येथे चालते.

३. हँडल, सौरपट्टी व चार्जरखेरीज साधे पेन्सिल सेल बसवण्याची सोय असलेला रेडिओ श्रेयस्कर. आतील बॅटरी वर्षांनी निकामी झाली तरी तो चालतो.

४. हँडल दुकानातच फिरवून पाहावे. ते घरातील वृद्ध व्यक्तीसही फिरवता आले पाहिजे. विजेरी व मोठ्याने वाजणारा भोंगा सोबत असल्यास अडकलेल्या माणसास आपला ठावठिकाणा कळवता येतो.

निगा व मर्यादा

रेडिओ घेऊन कपाटात ठेवला व दोन वर्षांनी काढला, तर बॅटरी बहुधा मृत झालेली असते. दर दोन-तीन महिन्यांनी ती भरावी, काही मिनिटे हँडल फिरवावे व केंद्र लावून पाहावे. सौरपट्टी उन्हात ठेवताना बंद मोटारीच्या काचेमागे ठेवू नये. तेथील उष्णतेने बॅटरी बिघडते. आपल्या गावी व मुक्कामाच्या ठिकाणी कोणते केंद्र कोठे लागते, ते कागदावर लिहून रेडिओला चिकटवावे.

या साधनाच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य आहे. हा रेडिओ केवळ ऐकवतो. त्यावरून मदत मागता येत नाही. मोबाईल चालू असेपर्यंत ११२ हा क्रमांकच उपयोगाचा. बोलण्याचा हौशी रेडिओ वापरण्यास शासनाचा परवाना लागतो. अरुंद दऱ्यांत कोणतेही केंद्र लागणार नाही असेही घडू शकते. जून २०१३ मध्ये केदारनाथ परिसरात महापूर आला, तेव्हा देशभरातून गेलेले हजारो यात्रेकरू मृत्यू पावले. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे आपल्या माणसांची वाट पाहत राहिली. अशा दुर्गम वाटेवर निघण्यापूर्वीच, चांगल्या ठिकाणी असताना, हवामानाचा अंदाज ऐकून पुढे जावे की थांबावे हे ठरवणे, हा रेडिओचा सर्वांत मोलाचा उपयोग होय.

देणगीदारांसाठी

असे रेडिओ दुर्गम पाड्यांना किंवा शाळांना भेट देण्याची कल्पना स्तुत्य आहे. आफ्रिकेत २००३ पासून ‘लाईफलाईन’ नावाचा हँडल व सौरशक्तीचा रेडिओ खास मुलांसाठी व गरीब वस्त्यांसाठी बनवून वाटण्यात आला. गटाने बसून ऐकता यावे असा त्याचा मोठा आवाज होता. आपणही वस्तू देताना तेथे कोणते केंद्र लागते ते आधी पाहावे, रेडिओ कोणाच्या जबाबदारीवर राहील ते ठरवावे आणि तो चालवून, दुरुस्त करून दाखवणारा एक माणूस तयार करावा. एवढे केल्यावरच ती भेट संकटाच्या रात्री खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

यात्रेच्या पिशवीत या लहानशा वस्तूस जागा द्यावी, एवढीच नम्र विनंती. आपला प्रवास निर्विघ्न होवो व आपण सुखरूप स्वगृही परतावे, ही सदिच्छा.